पांढरी बोट

माझ्या आजीने समुद्राकडे तोंड करून कधी भेळ खाल्ली नाही. मुंबईत तिने पन्नासहून अधिक वर्षे काढली, दादरच्या चौपाटीपासून हाकेच्या अंतरावर राहिली. पण संध्याकाळी आम्ही नातवंडे तिला ओढीत वाळूवर नेत असू, तेव्हा ती पाण्याकडे पाठ करून बसे आणि आमच्या चपला राखी. "तिकडं काय बघायचं आहे?" एवढेच म्हणे.

तिचे माहेर रेवसच्या बाजूचे. १७ जुलै १९४७ रोजी सकाळी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेल्या 'रामदास' बोटीत तिचा थोरला भाऊ होता. दिव्याची अवस घरी करायची म्हणून माणसे निघाली होती, बोट खच्चून भरली होती. काशाच्या खडकाजवळ वादळी लाटेत ती कलंडली आणि सहाशेंहून अधिक माणसे बुडाली. वाचली त्यांतल्या पुष्कळांना मासळी घेऊन मुंबईकडे येणाऱ्या रेवसच्या कोळ्यांनी आपल्या होड्यांत ओढून घेतले. मुंबई काही फार दूर नव्हती. तरी मुंबईला बातमी कळायला दुपार उजाडली. आजी तेव्हा नऊ वर्षांची होती. पुढे साऱ्या जन्मात या विषयावर ती एकच वाक्य बोलली आणि तेही फार थोड्या वेळा : "कोणी आलंच नाही रे."

हे वाक्य मी विसरलो होतो. गेल्या फेब्रुवारीत रत्नागिरीला गेलो आणि तिथे ते पुन्हा ऐकले, अगदी वेगळ्या तोंडून.

गेलो होतो तो मराठी भाषा गौरव दिनाच्या व्याख्यानासाठी. मराठीच्या प्राध्यापकाला वर्षातून एक दिवस मागणी असते, ती २७ फेब्रुवारीला. व्याख्यान नेहमीप्रमाणे झाले. म्हणजे पहिल्या तीन रांगांनी ऐकले आणि मागच्या रांगांनी सहन केले. नारळ, शाल आणि आंबापोळीचे पुडके घेऊन मी मोकळा झालो, तोच एक उंच, काळासावळा, केस बारीक कापलेला तरुण पुढे आला आणि वाकून पाया पडला. "सर, ओळखलं का?"

ओळखले नव्हते. मग त्याने स्वतःच सांगितले. बारा-तेरा वर्षांपूर्वी हा माझ्या वर्गात शेवटच्या बाकावर बसत असे. मुलगा मंगळवेढ्याकडचा, ज्वारीच्या रानातला. अठराव्या वर्षी मुंबईला येईपर्यंत त्याने समुद्र पाहिला नव्हता. आणि आता तो भारतीय तटरक्षक दलात होता, 'उत्तम नाविक' या हुद्द्यावर. मला मोठी मौज वाटली. नाविक, उत्तम नाविक, प्रधान नाविक. पुढे अधिकारी, उत्तम अधिकारी, प्रधान अधिकारी. इतके स्वच्छ हुद्दे आमच्या विद्यापीठातसुद्धा नाहीत. आमच्याकडे 'उत्तम' हे विशेषण माणसाला निवृत्तीच्या समारंभात लावतात, आणि तेही निरोप देणाऱ्यांना घाई असली तर राहून जाते.

संध्याकाळी तो मला रत्नदुर्गावर घेऊन गेला. ज्यांनी हा किल्ला पाहिला नसेल त्यांनी घोड्याचा नाल डोळ्यांसमोर आणावा. तिन्ही बाजूंनी समुद्र, एका टोकाला भगवतीचे देऊळ, एका टोकाला दीपगृह. आणि खाली मिरकरवाड्याचे बंदर, त्यात शेकडो मच्छीमार बोटी एकीला एक चिकटून, जत्रेतल्या बैलगाड्यांसारख्या. त्या सगळ्या रंगीबेरंगी गर्दीपासून जरा दूर, एकटीच एक बोट उभी होती. पांढरीशुभ्र, अंगावर तिरका निळा पट्टा.

"ती आमची," तो म्हणाला. नौदलाच्या बोटी करड्या असतात. त्यांना दिसायचे नसते. ही पांढरी असते, कारण हिला दिसायचे असते. त्याने हे सहज सांगितले, पण मला ते फार पटले.

'तट' या शब्दाचा मराठीत पहिला अर्थ किल्ल्याची भिंत. हिंदीतला तट म्हणजे किनारा. रत्नदुर्गाच्या तटावर उभे राहिले की दोन्ही अर्थ एकदम पायाखाली येतात. दलाचे ब्रीद आहे 'वयं रक्षामः', म्हणजे आम्ही रक्षण करतो. ते ऐकून माझ्यातला मास्तर जागा झाला. वाल्मीकी रामायणाच्या उत्तरकांडात एक कथा आहे. प्रजापतीने आधी पाणी निर्माण केले आणि मग त्याच्या राखणीसाठी प्राणी निर्माण केले. ज्यांनी 'आम्ही राखू' असे म्हटले ते राक्षस झाले आणि ज्यांनी 'आम्ही पूजू' म्हटले ते यक्ष झाले! मी ही व्युत्पत्ती त्याला ऐकवली. तो हसला आणि म्हणाला, "सर, मिरकरवाड्यात विचारून बघा, काही लोक आम्हाला अजून तेच म्हणतात."

का म्हणतात ते दुसऱ्या दिवशी कळायचे होते. त्या संध्याकाळी मात्र मी त्याला विद्यार्थ्याने विचारावे तसे प्रश्न विचारीत बसलो. हे दल आले कुठून, हेच मला ठाऊक नव्हते. नौदल माहीत, कस्टम माहीत. मध्ये हे कोण?

१९६० नंतरच्या त्या दिवसांत सोने, घड्याळे आणि ट्रान्झिस्टर अरबी समुद्रातून रात्री येत आणि सकाळी मुंबईच्या बाजारात दिसत. कस्टमच्या बोटी अपुऱ्या, आणि लढाईसाठी बांधलेले नौदल चोरांच्या मागे धाडणे म्हणजे माशी मारायला तोफ. मग १९७४मध्ये सरकारने खुसरो फरामर्झ रुस्तुमजी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. हे सीमा सुरक्षा दलाचे पहिले प्रमुख. जन्म नागपूरजवळच्या कामठीचा. ज्या गावाला समुद्र म्हणजे भूगोलाच्या पुस्तकातले चित्र, त्या गावच्या माणसाने देशाला समुद्राची राखण सुचवावी यात एक गंमत आहे. माझा मंगळवेढ्याचा विद्यार्थी त्याच परंपरेतला म्हणायचा! त्याच वर्षी मुंबईपासून दूर समुद्रात 'बॉम्बे हाय' येथे तेल सापडले. १९७६च्या कायद्याने किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंतच्या संपत्तीवर आपण हक्क सांगितला. सागरी मैल आपल्या मैलापेक्षा लांब, १,८५२ मीटरचा. म्हणजे हा पल्ला झाला सुमारे ३७० किलोमीटर. सगळे मिळून क्षेत्र वीस लाख चौरस किलोमीटरच्या घरात. एवढे शेत नावावर झाले, पण राखणदार नाही. १ फेब्रुवारी १९७७ रोजी तात्पुरते दल उभे राहिले आणि ऑगस्ट १९७८मध्ये संसदेच्या कायद्याने ते कायम झाले. सुरुवातीची दौलत म्हणजे नौदलाकडून आलेल्या 'कुठार' आणि 'किरपाण' या दोन जुन्या फ्रिगेट आणि पाच गस्ती नौका. १९७१च्या युद्धात बुडालेल्या 'खुकरी'च्या सोबतिणी त्या ह्याच दोघी.

हा सगळा इतिहास ऐकताना माझ्या मनात एक गोष्ट खुपली. सोने, तेल, हक्क, हद्द. यात माणूस कुठे आहे? सरकार समुद्रावर गेले ते संपत्तीच्या मागे गेले. मी तसे बोलूनही दाखवले. तेव्हा तो म्हणाला, "कायद्यात आहे ना, सर. कलम चौदा." त्या कलमात दलाची कामे दिली आहेत : समुद्रातल्या तेलाच्या फलाटांचे रक्षण, मच्छीमारांचे रक्षण व संकटात साह्य, समुद्राचे प्रदूषण रोखणे, चोरट्या व्यापाराविरुद्ध कस्टमला मदत, सागरी कायद्यांची अंमलबजावणी, आणि जीवित व मालमत्ता यांची सुरक्षितता. म्हणजे मच्छीमारही आहे; यादीत एका ओळीत, तेलविहिरीच्या शेजारी.

प्रदूषणाचे काम कसे असते ते मुंबईकरांना वेगळे सांगायला नको. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराच्या तोंडाशी 'एमएससी चित्रा' आणि 'खलिजिया' या दोन जहाजांची टक्कर झाली. शेकडो टन तेल सांडले, कंटेनर पाण्यात पडले, काहींत कीटकनाशके होती. उरण-अलिबागकडची खारफुटी काळी पडली आणि आम्ही कित्येक दिवस पापलेटाकडे संशयाने पाहत होतो. तेव्हा तेलावर विमानांतून आणि बोटींतून औषधाची फवारणी करणारे हेच लोक होते. पण आमच्या तेव्हाच्या घरगुती चर्चेत ते कुणाच्या तोंडी आले नाहीत. आले ते पापलेटाचे भाव.

चाचेगिरीची एक हकीकत मात्र इथे सांगितलीच पाहिजे, कारण तीत आपली ताराबाई आहे. या दलाने आपल्या काही नौकांना जिजाबाई, ताराबाई, अहल्याबाई, चांदबिबी अशी नावे दिली होती. १९९९च्या ऑक्टोबरात 'अलोंड्रा रेनबो' हे जपानी मालकीचे जहाज ॲल्युमिनियम घेऊन इंडोनेशियातून निघाले आणि चाच्यांनी पळवले. सतरा खलाशांना तराफ्यावर सोडून दिले. ते पुढे थायलंडच्या कोळ्यांना सापडले. जहाजाला नवे नाव, नवा रंग देऊन चाचे अरबी समुद्रात आले, तिथे ते 'ताराबाई'च्या नजरेस पडले. तिने पाठलाग केला, थांबत नाही म्हणून गोळ्या झाडल्या, नौदलाची 'प्रहार' येऊन मिळाली आणि १६ नोव्हेंबरला पंधरा चाचे हाती आले. मोगलांना दमवणाऱ्या राणीच्या नावाला शोभेल असेच झाले. पुढचे मात्र कमी शोभेसे आहे. चाचेगिरीविरुद्ध आपल्याकडे स्वतंत्र कायदाच नव्हता. खालच्या न्यायालयाने शिक्षा दिली, उच्च न्यायालयात आरोपी सुटले; तसा कायदा झाला तो २०२२मध्ये. असो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिरकरवाड्याला गेलो. महाविद्यालयातल्या शिपायाचे मामू तिथले नाखवा. सत्तरीला टेकलेले, दाढी पांढरी, हातांवर जाळ्याच्या दोऱ्यांनी पाडलेले वळ. धक्क्यावर लिलाव संपत आला होता. बांगडे टोपल्यांत चकाकत होते. बर्फाच्या लाद्या फुटत होत्या. बोटींवरचे पुष्कळ खलाशी नेपाळी. हिमालयाच्या पायथ्याची पोरे कोकणातली जाळी ओढतात. नाखवांनी मला उलट्या क्रेटवर बसवले आणि चहा मागवला.

मी पांढऱ्या बोटीचा विषय काढताच त्यांचा चेहरा आंबट झाला. "सर, त्यांचं काय सांगू! चार दिवस पाण्यात राहून पोरं येत असतात, डोळ्याला डोळा नसतो. मध्येच ही येते. थांब. इंजिन बंद कर. कागद दाखव. कार्ड दाखव. खलाशी किती? हा नेपाळी कुठला? अरे, मासे खराब होतात आमचे!"

त्यांची तक्रार खोटी नव्हती, आणि पांढऱ्या बोटीचाही नाइलाज होता. १९९३मध्ये स्फोटके श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर उतरली ती याच समुद्रातून. २००८च्या नोव्हेंबरात मुंबईत शिरलेले दहा जण आले ते 'कुबेर' या मच्छीमार बोटीतून. तिच्या तांडेलाला त्यांनी मारून टाकले होते. त्यानंतर व्यवस्था बदलली. किनाऱ्याजवळ सागरी पोलिस, पुढे तटरक्षक दल आणि सर्वांच्या वर नौदल अशी जबाबदारी वाटली गेली. मच्छीमारांना बोटांचे ठसे असलेली ओळखपत्रे मिळाली. आता समुद्रातली प्रत्येक लहान बोट एकाच वेळी दोन गोष्टी असते : जिला वाचवायचे ती, आणि जिच्यावर संशय घ्यायचा तीही. रत्नदुर्गावर माझा विद्यार्थी म्हणाला होता, "रात्री दिवा न लावता उभी असलेली बोट दिसली की कळत नाही सर, दोरी टाकायची की बंदूक धरायची. जवळ गेल्यावरच कळतं."

नाखवांना मी हे सांगितले. ते चहा बशीत ओतून गार करीत राहिले. मग म्हणाले, "त्याचंही खरं आहे."

आणि मग हळूहळू दुसरी बाजू निघाली. काही वर्षांपूर्वी नवरात्राच्या सुमारास त्यांच्या धाकट्या भावाची बोट दूर समुद्रात बंद पडली. इंजिनात पाणी. वारा जमिनीकडून, बोट आत आत वाहत निघाली. वायरलेसवर एकदा आवाज आला आणि बंद झाला. घरच्यांनी १५५४ लावला. हा आकडा शहरातल्या वाचकांपैकी कितीजणांना माहीत असेल? समुद्रात कुणी संकटात असेल तर दलाला कळवण्याचा हा नंबर. नाखवांच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर तो खडूने लिहिलेला मी नंतर पाहिला, गॅसवाल्याच्या नंबरच्या वर.

फोन गेल्यावर काय होते, ते मला विद्यार्थ्याने वाळूवर काठीने काढून दाखवले होते. बोट शेवटी जिथे होती तो बिंदू धरायचा. तेव्हापासून किती तास झाले, वारा कोणत्या दिशेचा, प्रवाह किती, हे मांडून ती आता कुठे असू शकेल याचा हिशेब करायचा. बंद इंजिनाची बोट वेगळी वाहते, उलटलेली वेगळी, आणि पाण्यातला एकटा माणूस आणखी वेगळा. मग त्या अंदाजाच्या जागेभोवती चौकोनी फेऱ्या घालायच्या, प्रत्येक फेरी आधीच्या बाहेरून. वरून डॉर्नियर विमान, खालून नौका. शिवाय आसपासच्या व्यापारी जहाजांनाही सांगायचे, वाट वाकडी करून बघा. शोध आणि सुटकेची सूत्रे मुंबई, चेन्नई आणि पोर्ट ब्लेअर इथून हलतात आणि आपल्या वाट्याला आलेले क्षेत्र सुमारे ४६ लाख चौरस किलोमीटर आहे, म्हणजे आपल्या देशाहूनही मोठे. उशीर होईल तसतसा चौकोन वाढत जातो. "सर, तासागणिक समुद्र मोठा होतो," असे तो म्हणाला. आणि या मुलाला मी निबंधात कधी साठाच्या वर गुण दिले नव्हते!

तिसऱ्या दिवशी सकाळी भावाची बोट सापडली. सहाही माणसे जिवंत. पाणी संपलेले, बर्फ वितळवून प्यायलेले. "भाऊ म्हणतो, पांढरं काही दिसलं, वाटलं ढग आहे," नाखवा म्हणाले.

मग थोडा वेळ ते बोलले नाहीत. बोलले ते एकदम जुने. "माझा बाप गेला तेव्हा मी अकरा वर्षांचा. शिडाची बोट होती. पावसाआधीची शेवटची फेरी म्हणून गेला. बाकीच्या बोटी आल्या, ही नाही. विचारायचं कुणाला? मामलेदाराने लिहून घेतलं. आमचीच माणसं दोन दिवस शोधून आली. आई रोज किल्ल्याच्या टोकाला कंदील घेऊन जायची. कुणी आलं नाही हो, सर. त्याला बघायलाच कुणी गेलं नाही." त्यांच्या आईने चाळीस वर्षे एक ताट जास्त मांडले, असेही त्यांनी सांगितले. तो मेला असे सांगणारे कुणी नव्हते, म्हणून.

मी काय बोलणार? मला दादरची वाळू आठवली, आणि पाण्याकडे पाठ करून बसलेली आजी.

शोध घेतला म्हणजे माणूस सापडतोच असे नाही, हेही सांगितले पाहिजे. १६ सप्टेंबर २०२२ रोजी याच रत्नागिरीपासून चाळीसेक मैलांवर 'पार्थ' नावाचे डांबर वाहून नेणारे जहाज बुडू लागले. दलाच्या 'सुजीत' आणि 'अपूर्व' या नौका तिकडे वळल्या आणि खवळलेल्या पाण्यातून एकोणीसच्या एकोणीस माणसे वाचली. रत्नागिरीत ही हकीकत मला तिघांनी सांगितली. पण माझ्या विद्यार्थ्याने सांगितलेली दुसरी हकीकत पोरबंदरची आहे. २ सप्टेंबर २०२४च्या रात्री एका तेलवाहू जहाजावरच्या जखमी खलाशाला आणायला दलाचे हेलिकॉप्टर निघाले आणि समुद्रात कोसळले. चौघांपैकी एक वाचला, दोघांचे देह लवकर मिळाले. चौथा, वैमानिक, सापडेना. त्याचा शोध महिन्याहून अधिक काळ चालला. सारे चौकोन संपले तरी चालला. १० ऑक्टोबरला तो मिळाला.

"त्याच्या घरच्यांना सांगता आलं, सर," एवढे म्हणून तो उठला होता आणि पँटची वाळू झाडू लागला होता.

निघायची वेळ झाली. नाखवांच्या घरून त्यांच्या सुनेने सुक्या बांगड्याची पुडी दिली. गाडीत ती आंबापोळीपासून दूर ठेवावी, असा इशाराही दिला. नाखवा मला रिक्षापर्यंत पोचवायला धक्क्याने चालत आले. तेवढ्यात खाली इंजिनाचा आवाज झाला. पांढरी बोट नांगर उचलून हलली होती. रांगेतल्या मच्छीमार बोटींना हेलकावे देत ती हळूहळू बंदराबाहेर निघाली.

"निघाली, पोरांचे कागद तपासायला," नाखवा पुटपुटले आणि बाजूला थुंकले. मग त्यांनी खांद्यावरचा पंचा काढला आणि ती दीपगृहाच्या आड जाईपर्यंत दोन-तीनदा हलवला. बोटीवरून कुणी पाहिले की नाही, ते इतक्या लांबून दिसले नाही.